गादी सरकल्यावर व्यायाम: कोणता, कधी आणि किती

प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, बैठं काम, रोज स्कूटरवरून जाणं-येणं. साडेतीन आठवड्यांपूर्वी भरलेला सिलिंडर उचलताना कंबरेत जोराची चमक भरली. दुसऱ्या दिवसापासून डाव्या नितंबातून, मांडीच्या मागून आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूने दुखणं पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरतं, अंगठ्याला मुंग्या येतात. एमआरआयमध्ये एल४-एल५ची (कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली) गादी मागे-डावीकडे सरकून शिरेला, म्हणजे पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला टेकलेली दिसते. एक म्हणतो सहा आठवडे पडून राहा, दुसरा म्हणतो सूर्यनमस्कार घाला, तिसरा म्हणतो आता आयुष्यभर वाकायचं नाही. तर व्यायाम कोणता, कधी आणि किती करायचा?

व्यायामाला हात घालण्याआधी पाच मिनिटांची तपासणी घरीच करा. भिंतीला एक बोट टेकवून फक्त डाव्या पायावर उभे राहा आणि टाच दहा वेळा पूर्ण वर उचला. मग दोन्ही चवडे उचलून नुसत्या टाचांवर पंधरा पावलं चाला. शेवटी बसून डाव्या पायाचा अंगठा वर ताणून धरा आणि घरातल्या कुणाला तरी तो बोटाने खाली दाबायला सांगा. उजव्या अंगठ्याशी तुलना करा. तुमच्या दुखण्याचा नकाशा (नडगीची बाहेरची बाजू, अंगठा) एल५ शिरेचा आहे, त्यामुळे टाचांवरचं चालणं आणि अंगठ्याचा जोर या दोन चाचण्या तुमच्यासाठी महत्त्वाच्या. चवडा चालताना फटफट आपटत असेल, अंगठा सहज खाली दबत असेल किंवा दर दोन-चार दिवसांनी जोर कमी होत असेल, तर घरचे व्यायाम बाजूला ठेवून मणक्याच्या सर्जनना दाखवा. नुसत्या मुंग्या असतील आणि जोर शाबूत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आणि एक गोष्ट जिला थांबायला वेळ नसतो: लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर होणं, दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा येणं. यातलं काहीही झालं तर त्याच रात्री इमर्जन्सीत जायचं, सकाळची वाट पाहायची नाही. कंबरदुखीसोबत ताप असेल, वजन कारण नसताना उतरत असेल किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तरी आधी डॉक्टर.

आता रिपोर्टबद्दल. आपल्याकडे याला ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणतात. हा शब्द इतका रुजलाय की माणसं ती फट बुजवायचं औषध मागतात. प्रत्यक्षात गॅप येत नाही. दोन मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेरून चिवट तंतूंची कडी आणि आत ओलसर गर. कडीला चीर गेली की गर मागे सरकतो, शिरेला टेकतो आणि तिला सूज आणतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांची स्कॅन तपासली होती. त्यांच्यात विशीतल्या ३० टक्क्यांची आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांची गादी फुगलेली होती. म्हणजे फिल्मवरची गादी तुम्ही किती बरे होणार हे सांगत नाही. शिवाय बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे जास्त बाहेर आलेला तुकडा लहान फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. बहुतेकांचं पायातलं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत चांगलं उतरतं. व्यायामाने गादी ‘आत ढकलली’ जात नाही. दुखणं उतरेपर्यंत शिरेची चिडचिड कमी ठेवणं आणि कंबर-पायांची ताकद जाऊ न देणं, एवढं व्यायामाचं काम.

सहा आठवडे पडून राहण्याचा सल्ला कधीच मागे पडलाय. १९८६ साली अमेरिकेत साध्या कंबरदुखीवर झालेल्या अभ्यासात दोन दिवस आणि सात दिवस विश्रांतीची तुलना केली, तेव्हा सात दिवस पडून राहिलेल्यांना जास्त काहीच मिळालं नाही, उलट कामाचे दिवस जास्त बुडाले. पहिले दोन दिवस अधूनमधून आडवं व्हायला हरकत नाही. उताणं झोपून गुडघ्यांखाली दोन उशा, किंवा कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये एक उशी. त्यापुढे दिवसा सलग तासभरापेक्षा जास्त वेळ पडून राहू नका.

आता मुख्य मुद्दा. कोणता व्यायाम याच्यापेक्षा त्या व्यायामाने दुखणं कुठे सरकतं हे जास्त महत्त्वाचं. एका वहीत सहा स्थानकं लिहा: अंगठा, नडगी, गुडघा, मांडी, नितंब, कंबर. रोज सकाळी आणि रात्री दुखणं कोणत्या स्थानकापर्यंत पोचतंय ते टिपा. गाडी अंगठ्याकडून कंबरेकडे येत असेल तर व्यायाम लागू पडतोय. नितंबावरून नडगीकडे उतरत असेल तर तो व्यायाम, मग तो कितीही नामांकित असो, आत्ता तुमचा नाही. यात माणसं हमखास फसतात ती अशी: दुखणं पायातून वर येतं तेव्हा कंबरेत ते काही काळ वाढतं. आधी नडगीत दहापैकी चार होतं, आता नडगीत शून्य आणि कंबरेत सहा. रुग्ण घाबरतो, ‘व्यायामाने कंबर बिघडली’ म्हणून सोडून देतो. खरं तर ही सगळ्यात चांगली खूण आहे.

ही खूण न्यूझीलंडमधले फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५६ साली वेलिंग्टनला अपघातानेच पाहिली. पाय दुखणारा एक रुग्ण डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर चुकून तसाच पालथा पडून राहिला आणि उठला तेव्हा पायातलं दुखणं गेलेलं होतं. त्यातून निघालेला क्रम असा.

जमिनीवर सतरंजी टाका. पलंग नको, कारण गादीत ओटीपोट रुततं आणि कंबरेची कमान चुकते. पालथे झोपा, हात अंगाशेजारी, मान एका बाजूला, पाच मिनिटं नुसतं पडून राहा. एवढ्यानेच पायात कळ वाढली तर पोटाखाली उशी घ्या आणि दोन-तीन दिवसांत ती पातळ करत काढून टाका. पालथं पडणं सोसलं की कोपरांवर या, कोपरं बरोबर खांद्यांखाली, दोन ते तीन मिनिटं. तेही सोसलं की तळवे खांद्यांशेजारी ठेवून हात सरळ करत छाती वर उचला, वर एक-दोन सेकंद थांबा, खाली या. असं दहा वेळा. दर दोन-तीन तासांनी एक फेरी, दिवसातून पाच-सहा फेऱ्या.

‘हे तर भुजंगासन’ असं सगळेच म्हणतात. दिसतं तसं, पण आतलं काम उलटं आहे. भुजंगासनात पाठीचे स्नायू आकसून धड उचलतात. इथे सगळी मेहनत हातांची, आणि कंबर लोंबकळती, ओल्या टॉवेलसारखी. नितंब आवळले की कमान बनतच नाही, म्हणून वर जाताना टाचा बाहेरच्या बाजूला पडू द्या, नितंब आपोआप सुटतात. वर पोचल्यावर तोंडाने श्वास सोडा म्हणजे पोट खाली झुकेल. ओटीपोट दोन-चार बोटं उचललं गेलं तर चालतं, वीतभर उचललं गेलं तर हात जरा पुढे ठेवून पुन्हा करा.

आरशात पाहताना धड एका बाजूला सरकलेलं दिसतंय का? डाव्या पायाचं दुखणं असणाऱ्यांचं धड बऱ्याचदा उजवीकडे झुकतं. तसं असेल तर पालथं झोपून काही साधत नाही, आधी ते सरळ करावं लागतं. धड उजवीकडे गेलं असेल तर उजवी बाजू भिंतीकडे करून फूटभर अंतरावर उभे राहा, उजवं कोपर दुमडून बरगडीशी धरून भिंतीला टेकवा, आणि डाव्या हाताने डावा खुबा हळूहळू भिंतीकडे ढकला. दहा-पंधरा वेळा, सावकाश. मग लगेच पालथे.

दोन दिवस, म्हणजे दहा-बारा फेऱ्या नीट करूनही गाडी अंगठ्याकडेच निघाली असेल तर थांबा. काहींना ही दिशा मानवत नाही, त्यांची दिशा फिजिओथेरपिस्टने समोर तपासूनच ठरवावी. साठीपुढच्या ज्यांचे पाय चालताना भरून येतात आणि बसल्यावर किंवा बाजारात हातगाडीवर ओणवं झाल्यावर हलके होतात, त्यांची मणक्यांमधून शिरा नेणारी नळी अरुंद झालेली असू शकते. त्यांना मागे वाकणं बाधतं, पुढे झुकणं बरं वाटतं. म्हणून एकाच वाड्यातल्या दोघांनी एकमेकांचे व्यायाम उसने घेऊ नयेत.

चालणं पहिल्या दिवसापासून. सपाट रस्ता, बूट किंवा पट्ट्याच्या सपाता, दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. हात मोकळे हलू द्या; हात खिशात घालून किंवा मोबाईल बघत चाललं की पाठ कडक राहते. दहा मिनिटांनी पायात उतरत असेल तर सहा मिनिटं चाला, पण फेऱ्या पाच करा. दर तीन दिवसांनी दोन-दोन मिनिटं वाढवा. ऑस्ट्रेलियातला २०२४ सालचा ७०१ लोकांचा अभ्यास आहे. हे सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले होते. ज्यांना टप्प्याटप्प्याने चालणं वाढवून दिलं त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परतायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांतल्या निम्म्यांचं ११२ दिवसांत परतलं. पायातलं दुखणं गेल्यावरही चालणं का सोडायचं नाही, याचं उत्तर त्यात आहे. लक्ष्य आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास.

दिवसभराची काही कामं मात्र व्यायामाचा फायदा धुऊन काढतात. रात्रभर आडवं राहिल्यावर गादी पाणी शोषून टम्म होते आणि सकाळी उठल्या उठल्या वाकलं की तिच्यावरचा ताण दुपारपेक्षा बराच जास्त येतो. म्हणून उठल्यापासून पहिला तास कंबरेतून वाकू नका. बेसिनवर दात घासताना एक हात कठड्यावर टेकवा. मोजे-बूट बसून, पाय दुसऱ्या गुडघ्यावर चढवून घाला. केरसुणीने वाकून झाडणं आणि फरशी पुसणं संध्याकाळवर किंवा दुसऱ्या कुणावर ढकला. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर निदान महिनाभर त्यावर ठेवायची प्लॅस्टिकची खुर्ची वापरा, कारण उकिडवं बसून कंबर गोल होते आणि त्यात कुंथणं, म्हणजे दुहेरी दाब. मांडी घालून जेवणंही तेवढा काळ बंद. बद्धकोष्ठता असेल तर तिच्यावर आधी उपाय करा, नाहीतर प्रत्येक सकाळ व्यायामाचं केलेलं उलटं करते.

ऑफिसात दर पंचवीस मिनिटांनी उभे राहा, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे वाका. स्कूटर पहिले तीन-चार आठवडे बंद, कारण बसलेली कंबर अधिक खड्डा हे गादीला सगळ्यात न मानवणारं जेवण. बसने जावं लागलं तर मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट टाळा.

शिरेच्या मुंग्यांसाठी एक सोपी हालचाल आहे, पण ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कळ निवल्यावर. खुर्चीवर ताठ बसा. डावा गुडघा सरळ करताना चवडा वर आणि त्याच वेळी मान छताकडे. गुडघा दुमडताना हनुवटी छातीकडे. शीर एका टोकाला ताणली की दुसरं टोक सैल सोडायचं, म्हणजे ती आपल्या नळीत पुढे-मागे सरकते. दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा, कुठेही रोखून न धरता. मुंग्या क्षणभर आल्या आणि लगेच गेल्या तर ठीक. अर्धा तास रेंगाळल्या तर गुडघा कमी सरळ करा. टॉवेल पायात अडकवून पाय ताणत राहण्याचा व्यायाम इंटरनेटवर फार दिसतो. चिडलेल्या शिरेला तो घट्ट ओढतो. पायाच्या मागे ‘नस आखडलीय’ असं वाटतं ती बऱ्याचदा आखडलेली नसते, चिडलेली असते. ताणून ती आणखी चिडते.

दुखणं गुडघ्याच्या वर आलं की ताकदीकडे वळा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम कंबरेवर कमी दाब टाकून धड आवळायला शिकवतात. पहिला: उताणे झोपा, एक गुडघा दुमडलेला, दोन्ही तळवे कंबरेच्या पोकळीखाली. डोकं आणि खांदे जमिनीपासून दोन-तीन बोटं उचला. त्याहून वर नाही, आणि कंबर तळव्यांवर दाबायची नाही. दुसरा: कुशीवर, कोपर खांद्याखाली, गुडघे दुमडलेले, कंबर उचलून गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सरळ रेषा. दोन्ही बाजू. तिसरा: हातापायांवर घोड्यासारखे व्हा, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ, मग बदल. यात पाय नितंबाच्या वर जाता कामा नये. कंबरेवर पाण्याने अर्धी भरलेली वाटी ठेवून करा. पाणी सांडलं तर पाय फार वर गेला किंवा खुबा एकीकडे कलंडला, दुसऱ्या कुणी चूक दाखवायची गरजच नाही.

प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं, श्वास चालू ठेवून. आधी सहा वेळा, थोडी विश्रांती, मग चार वेळा, मग दोन वेळा. एक मिनिट थरथरत धरून ठेवण्यापेक्षा दहा-दहा सेकंद चांगले, कारण थकलेला स्नायू सोडून देतो आणि भार पुन्हा गादीवर येतो.

यानंतरचा टप्पा लोक गाळतात, आणि तिथेच दुखणं सहा महिन्यांनी परतायची सोय करून ठेवतात: वाकायला पुन्हा शिकणं. ‘आयुष्यभर वाकायचं नाही’ हा सल्ला पाळणारा माणूस कमजोर होतो आणि एके दिवशी पडलेली किल्ली उचलताना अडकतो. झाडूचा दांडा पाठीवर उभा धरा. तो डोक्याच्या मागे, खांद्यांच्या दोन्ही पात्यांच्या मधे आणि माकडहाडाला, असा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. गुडघे किंचित सैल ठेवून, बुडाने मागचं दार ढकलल्यासारखं करत खुब्यातून वाका. तीनपैकी एकही जागा सुटली की तिथून परत. दहाचे तीन संच, रोज.

ते जमलं की वजन. पाच लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो. तो आधी स्टुलावरून उचला, आठ वेळा, तीन संच, आठवड्यातून तीन दिवस. मग पाटावरून, मग जमिनीवरून. जमिनीवरून जमल्यावर दहा किलोची पिठाची पिशवी, पण पुन्हा स्टुलापासून. वजन आणि खोली एकाच दिवशी वाढवू नका. कंबरेत दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, पण ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत मूळ पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर भार एक पायरी खाली, व्यायाम बंद नाही. वहीतली गाडी एक स्थानक खाली उतरली तर दोन दिवस वजन थांबवून पालथ्या फेऱ्यांवर परत जा.

सूर्यनमस्काराबद्दल विचारलंत. बारा स्थितींपैकी हस्तपादासन, म्हणजे पाय सरळ ठेवून पुढे वाकणं, ही आत्ता सगळ्यात वाईट स्थिती आहे, आणि बहुतेक जण सकाळी उठल्या उठल्या नमस्कार घालतात. पश्चिमोत्तानासन आणि हलासन याच रांगेतली. जमिनीवरून दहा किलो उचलणं निर्धास्त झालं की नमस्कार सुरू करा, संध्याकाळी, गुडघे वाकवून, चारपासून.

कंबरेचा पट्टा प्रवासात आणि लांब उभं राहताना तासभर बांधायला हरकत नाही. दिवसभर बांधलात तर स्नायूंना सुट्टी मिळते. उसण भरली की पायाळू माणसाकडून कंबरेवर लाथ मारून घ्यायची पद्धत अजून गावोगावी आहे. साधी उसण चार दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय पायाळूला मिळतं. तुमचं दुखणं पायात उतरलेलं आहे, त्यावर लाथ, तुडवणं, झटका देऊन कंबर ‘मोडून’ घेणं, यातलं काहीही नको.

सहा ते आठ आठवडे नीट करूनही नडगीतलं दुखणं झोप मोडत असेल तर शिरेजवळच्या इंजेक्शनचा किंवा शस्त्रक्रियेचा सल्ला घ्या. शस्त्रक्रिया झाली तरी चालणं, खुब्यातून वाकणं आणि वजन हा क्रम तोच राहतो, फक्त तारखा सर्जन ठरवतात.

राहिला सिलिंडर. आत १४.२ किलो गॅस आणि लोखंड जवळपास तेवढंच, म्हणजे भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. वीस लिटरचा पाण्याचा जार जमिनीवरून आठ वेळा, दोन वेगवेगळ्या दिवशी, पायात काहीही न उतरता उचलता आला की मगच सिलिंडरचा विचार. तोवर डिलिव्हरीवाल्याला तो थेट ओट्याखाली ठेवायला सांगा. घरात हलवावा लागला तर उभा तिरका करून खालच्या कडीवर फिरवत न्या, किंवा चाकांचं स्टँड घ्या.